कोसस्थलैयारच्या काठचे तीन दात

चेन्नईच्या वायव्येला साधारण ६० किलोमीटरवर, तिरुवळ्ळूर जिल्ह्यात, अत्तिरम्पाक्कम नावाचं खेडं आहे. कोसस्थलैयार नदी गावाजवळून वाहते आणि पुढे एन्नोरला समुद्राला मिळते. शांती पप्पू आणि कुमार अखिलेश या पुरातत्त्वज्ञांनी चेन्नईच्या शर्मा सेंटर फॉर हेरिटेज एज्युकेशनतर्फे इथे १९९९ पासून खोदकाम केलं. जमिनीतून हजारो दगडी अवजारं निघाली. हातकुऱ्हाडी निघाल्या, फरश्या निघाल्या, दगड घडवताना उडालेल्या छिलक्यांचा तर खच निघाला. प्राण्यांचे दात मात्र निघाले तीन. एक रानम्हशीचा, एक घोड्याच्या कुळातल्या जनावराचा आणि एक नीलगाईचा.

अत्तिरम्पाक्कमबद्दल जे काही छापून येतं त्यात या तीन दातांच्या वाट्याला एखादं वाक्य येतं, आणि ते स्वाभाविकही आहे. २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात इथल्या सर्वांत जुन्या अवजारांचं वय सुमारे १५ लाख १० हजार वर्षं असल्याचं प्रसिद्ध झालं, तेव्हा जगाचं लक्ष दगडांकडे जाणारच. पण माझं मन त्या दातांपाशी अडकून राहिलं. दगड सांगतो की इथे कुणीतरी बसून अवजार घडवलं. ते बसलेलं कुणीतरी मान वर करून समोर काय पाहत होतं, हे सांगायचं काम दातांचं. म्हशीला डुंबायला पाणी लागतं. घोड्याला मोकळं गवताळ रान लागतं. नीलगाय झुडपांच्या आणि माळाच्या सीमेवर रमते. तीन दात एकत्र मांडले की दाट जंगल मागे हटतं आणि मधूनमधून पाणथळ असलेला उघडा माळ दिसू लागतो. याच ठिकाणी चिकणमातीत जनावरांच्या पावलांचे वाटतात असे गोल ठसेही मिळाले, म्हणजे ओल्या जमिनीची साक्ष दुसरीकडूनही निघाली.

एवढी जनावरं होती तर हाडं कुठे गेली, हा प्रश्न पडतोच. दक्षिणेतल्या जांभ्याच्या, तांबड्या, आम्लधर्मी मातीत हाडाचा निभाव लागत नाही. हाड सच्छिद्र असतं, पाणी आत झिरपतं, आणि हळूहळू त्यातलं सगळं वाहून जातं. दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, वजनानं ९६ टक्के खनिज असतं. शरीरात त्याच्याइतकं कठीण दुसरं काही नाही. जिवंतपणी ते एकदा तयार झालं की पुन्हा बदलत नाही, आणि मेल्यावर मातीलाही सहजासहजी दाद देत नाही. म्हणून नदीकाठी हिंडणाऱ्याच्या हाती कवटी क्वचित येते, बरगडीचा तुकडा अधूनमधून येतो आणि दाढ बऱ्याचदा येते.

उन्हाळ्यात पूंडीच्या तलावाखाली कोसस्थलैयारचं पात्र उघडं पडतं. तिथल्या वाळूत मला अशीच एक दाढ मिळाली. ती जुनी नव्हती. मुळांच्या खाचेत अजून मऊ माती होती आणि हातात घेतल्यावर हलकी लागत होती. ती घेऊन मी चेन्नईच्या साहुकारपेठेत गेलो. सांगलीच्या विटा-आटपाडी-खानापूर भागातली गलाई करणारी मंडळी सोनं-चांदी आटवण्याच्या धंद्यानिमित्त देशभर पसरली आहेत, तशी ती चेन्नईतही आहेत. आटपाडी हा खिलार बैलांचा मुलूख. तिथल्या एका वयस्क गलाईवाल्या काकांच्या पुढ्यात मी दाढ ठेवली. त्यांनी ती उलटीपालटी केली, नखानं माथा चाचपला आणि म्हणाले, “दाढ हाय. गाईम्हशीची. पर बाजारात आमी दाढंला हात लावत न्हाई, पाव्हणं. फुडचं दात बघायचं.”

ते म्हणाले ते अगदी खरं. बैलबाजारातलं सगळं गणित खालच्या जबड्यातल्या पुढच्या आठ दातांवर चालतं. वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच, तिथे नुसती घट्ट हिरडी असते. दुधाचे दात असेपर्यंत जनावर आदत. मधली जोडी पडून कायमचे दोन दात आले की दुसा, चार आले की चौसा, मग सहादाती, आणि आठही आले की जुळला. बैलगाडा शर्यतीतले गटसुद्धा याच नावांनी पुकारले जातात. या मोजणीवरून जनावराच्या वयाचा अंदाज घेणं हे आपल्या खेड्यांतलं पिढ्यान्‌पिढ्यांचं शास्त्र आहे. पुरातत्त्वज्ञ जबडा हातात आला की नेमकं हेच करतात. कोणता दात आला, कोणता यायचाय, आलेला किती झिजला, हे पाहून ते जनावराचं मरतेवेळचं वय काढतात. वस्तीतली बहुतेक गुरं म्हातारी होऊन मेली असतील तर ती दुधासाठी नि नांगरासाठी पाळली होती. कोवळ्या वयातली जास्त असतील तर ती खाण्यासाठी होती. घोड नदीकाठच्या इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन गावातल्या माणसांचं ताट आणि गोठा आपल्याला असाच कळतो.

पण नदीच्या वाळूत पुढचे दात सुटे मिळाले तरी ओळखायला फारसे कामाचे नसतात. तिथे दाढच वाचावी लागते. काकांच्या हातातली दाढ घेऊन तिचंच वाचन करू.

माथ्याकडून पाहिलं की एनॅमलच्या चंद्रकोरी दिसतात. कोरीची पाठ एका अंगाला, टोकं दुसऱ्या अंगाला. चंद्रकोरीची दाढ म्हणजे रवंथ करणारं जनावर: गाय, म्हैस, शेळी, मेंढी, हरिण, नीलगाय यांपैकी कुणीतरी. दाढ अरुंद आणि लांबट आहे, म्हणजे खालच्या जबड्यातली; वरची असती तर चौकोनी आणि रुंद असती. खालच्या दाढेत चंद्रकोरींची पाठ गालाकडे असते आणि वरच्या दाढेत जिभेकडे, त्यामुळे गाल कुठला नि जीभ कुठली हेही कळतं. या दाढेला दोन मोठे खण आणि मागे एक छोटा तिसरा खण आहे. तिसरा खण खालच्या जबड्यातल्या अगदी शेवटच्या दाढेलाच असतो. म्हणजे दाढ कुठली ते ठरलं, आणि छोटा खण मागे येतो म्हणून डावी की उजवी तेही ठरलं. आता गालाकडच्या बाजूला दोन खणांच्या मधल्या खाचेत पाहायचं. तिथे एनॅमलचा एक बारीक खांब उभा आहे, माथ्यापर्यंत झिजल्यामुळे त्याचं छोटं वेटोळं दिसतंय. गाईम्हशीच्या दाढेत हा खांब ठसठशीत असतो. शेळीमेंढीत तो नसतो आणि दाढही निम्म्याहून लहान असते. एवढं पाहिलं की जनावर गाईम्हशींपैकी असण्याचीच शक्यता जास्त. गाय की म्हैस? इथे मात्र थांबायचं. एका सुट्या दाढेवरून त्या दोघींत निवाडा करणं फार कठीण, आणि ज्याला हा विषय खरोखर येतो तो अशा वेळी दोन्ही नावं लिहून मोकळा होतो. शेळी आणि मेंढीचंही तसंच. उत्खननांच्या अहवालांत ‘मेंढी/शेळी’ असा जोड उल्लेख पानोपानी सापडतो. मला या तिरक्या रेघेबद्दल मोठा आदर आहे. पुरावा जिथे संपतो तिथे ती उभी असते.

आणखी एक गोष्ट माथ्यावर बोट फिरवलं की समजते. एनॅमलच्या कडा वर आलेल्या असतात आणि मधला भाग खोल गेलेला असतो. एनॅमल कठीण, आतला दंतिन त्याहून मऊ. दोन्ही सारख्या वेगानं झिजत नाहीत. जात्याला गुळगुळीत झाल्यावर टाकी लावून घ्यावी लागते, गवत खाणाऱ्याची दाढ मात्र झिजता झिजताच स्वतःला टाकी लावत राहते. गवतात वाळूसारखे सिलिकेचे कण असतात, त्यात जमिनीवरची धूळ मिसळते, म्हणून या जनावरांच्या दाढा उंच असतात आणि आयुष्यभर थोड्या थोड्या वर सरकत राहतात. घोड्यानं हीच युक्ती वेगळ्या वाटेनं साधली. त्याची दाढ म्हणजे सरळ उंच चौकोनी दांडा. माथ्यावर चंद्रकोरी नाहीत, एनॅमलच्या नागमोडी घड्या आहेत आणि त्यांच्यामध्ये सिमेंट भरलेलं आहे. गाईची आणि घोड्याची दाढ शेजारी ठेवली तर शाळकरी मुलगासुद्धा पुन्हा कधी चुकणार नाही.

चुका होतात त्या डुकराच्या दाढेपाशी. डुक्कर आपल्यासारखंच सर्वभक्षी, म्हणून त्याच्या दाढेवरही बुटके गोल उंचवटे. झिजलेली दाढ वरवर माणसाची वाटते. अमेरिकेतल्या नेब्रास्कामध्ये मिळालेल्या एका झिजलेल्या दाढेवरून हेन्री फेअरफिल्ड ऑस्बॉर्न यांच्यासारख्या दिग्गज जीवाश्मतज्ज्ञानं १९२२ साली उत्तर अमेरिकेतला पहिला वानरमानव जाहीर केला होता. त्याच जागी पुन्हा खोदकाम झालं, आणखी अवशेष मिळाले, आणि १९२७ साली कबूल करावं लागलं की ती दाढ डुकराच्या चुलत कुळातल्या पेकारी नावाच्या प्राण्याची आहे. नदीकाठी माणसाचा दात सापडला म्हणून पोलिसांकडे धाव घेण्याआधी जाणकाराला दाखवणं बरं.

कुत्र्या-मांजरांच्या, वाघ-बिबट्यांच्या दाढा चावायला नसून कातरायला असतात. वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींवरून घसरतात. एवढी खूण पुरते. इथे सांगून ठेवायला हवं की वाघ, बिबट्या, हत्ती यांचे दात आणि सुळे घरी बाळगणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. असं काही दिसलं तर खिशात न टाकता वनखात्याला कळवावं.

मद्रासशी या विद्येचा संबंध जुना आहे, आणि तो एका माणसामुळे आपल्या मुलखापर्यंत पोचतो. रॉबर्ट ब्रूस फूट भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात १८५८ साली दाखल झाले. ३० मे १८६३ रोजी त्यांना पल्लावरमला, आजच्या चेन्नई विमानतळाच्या शेजारी, दगडी हातकुऱ्हाड मिळाली. भारतातल्या अश्मयुगाच्या अभ्यासाची सुरुवात तिथून मोजतात. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी आणि त्यांचे सहकारी विल्यम किंग यांनी अत्तिरम्पाक्कम शोधलं. पुढे फूट यांचं काम दक्षिण महाराष्ट्र नि उत्तर कर्नाटकाच्या भागात सरकलं. त्या भागाच्या भूरचनेवरचा त्यांचा ग्रंथ १८७६ साली निघाला आणि त्याच्या नावातच ‘दक्षिण मराठा मुलूख’ आहे. या फिरतीत बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकजवळ, चिकदौली इथे, त्यांना गेंड्याचे अवशेष मिळाले. १८७४ साली त्यांनी त्याचं वर्णन छापलं आणि जातीला नाव दिलं ऱ्हायनोसेरस डेक्कनेन्सिस, म्हणजे दख्खनचा गेंडा.

गोकाकचा धबधबा पाहायला आपण जातो, घटप्रभेच्या काठानं ऊस पाहत परततो, आणि तिथे कधी गेंडा चरत होता हे मनातही येत नाही. गेंड्याची वरची दाढ ओळखायला सोपी आहे. बाहेरच्या बाजूला एक लांब भिंत आणि तिच्यातून आत निघालेल्या दोन आडव्या भिंती. गणितातलं पाय हे चिन्ह काढल्यासारखा आकार. एकदा पाहिला की तो डोळ्यांत बसतो. फूट यांनी पुढे १८८४ मध्ये तेव्हाच्या कर्नूल जिल्ह्यातल्या बिल्ला सुर्गम गुहांकडे मोर्चा वळवला. मद्रासचे गव्हर्नर ग्रँट डफ यांनी हे काम हाती घ्यावं म्हणून प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सले यांनी आग्रह धरला होता. फूट यांचे चिरंजीव हेन्री फूट यांनी प्रत्यक्ष खोदकाम केलं आणि रिचर्ड लायडेकर यांनी हाडं-दात ओळखले. त्यातही गेंडा निघाला.

महाराष्ट्राच्या नद्यांनीही असं पुष्कळ दिलं आहे. गोदावरीकाठी नांदूर मध्यमेश्वरला, जिथे आज आपण पक्षी पाहायला जातो, तिथल्या गाळात प्राचीन हत्तीची कवटी मिळाली आणि गाय पिलग्रिम यांनी १९०५ साली तिची नोंद छापली. हत्तीची दाढ सामान्य माणसाला दाढ वाटतच नाही. एकापुढे एक उभ्या पाती, प्रत्येक पातीला एनॅमलचं वेष्टन, मध्ये सिमेंट. शेतकऱ्यांना ती अनेकदा विचित्र दगडच वाटते. हत्तीला आयुष्यात प्रत्येक जबड्याच्या प्रत्येक बाजूला सहाच दाढा मिळतात, त्याही एकामागून एक, मागून पुढे सरकत. सहावी झिजली की हत्ती उपाशी मरतो. जीवाश्मतज्ज्ञ ह्यू फाल्कनर यांनी एकोणिसाव्या शतकात हत्तींच्या प्राचीन जातींची वर्गवारी केली ती मुख्यतः या पाती मोजून आणि पाहून.

लातूरकडे मांजरा नदीच्या खोऱ्यात तर पाणघोडाही होता. हारवाडी, गंजूर या गावांच्या आसपास नदीनं कापलेल्या काठांतून हत्ती, रानगुरं, मगर आणि पाणघोड्याचे जीवाश्म मिळाले आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विजय साठे यांनी या खोऱ्यात दीर्घकाळ काम केलं. पाणघोड्याची दाढ झिजली की तिच्या माथ्यावर तीन पाकळ्यांचं पान उमटतं. मराठवाड्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांच्या खाली पाण्यात दिवस काढणारं हे जनावर गाडलेलं आहे. पावसाचं आणि नदीचं वागणं किती बदलू शकतं, हे समजायला मला दुसरा कुठलाही आलेख लागत नाही.

दाताची ओळख केवढ्या वादाला तोंड फोडू शकते, याचं उदाहरण कच्छमधलं सुरकोटडा. या हडप्पाकालीन स्थळावर मिळालेले दात आणि हाडं घोड्याची आहेत, असं ए. के. शर्मा यांनी १९७४ साली मांडलं. हंगेरीचे प्राणी-पुरातत्त्वज्ञ सांदोर बोकोनी यांनी ते दात तपासले, एनॅमलच्या घड्यांचा आकार पाहिला आणि पाळीव घोड्याच्या बाजूनं मत दिलं. रिचर्ड मेडो आणि अजिता पटेल यांना ते पटलं नाही. कच्छच्या रणात आजही चरणारं रानगाढव, तिथे त्याला खूर म्हणतात, त्याचे दात घोड्याच्या दातांशी इतके मिळतेजुळते असतात की निवाडा करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. हडप्पातल्या घोड्याचा दाखला देत आर्य कोण आणि कुठून आले, या प्रश्नावर हमरीतुमरीवर येणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी घोड्याची दाढ कधी हातात धरली असेल. ज्यांनी धरली ते अधिक सावधपणे बोलतात.

आता जुना दात आणि ताजा दात यांतला फरक. लोक रंगावर जातात. काळा दात म्हणजे लाखो वर्षांचा, अशी समजूत आहे. लोह नि मँगनीज शोषून जीवाश्म काळे पडतात हे खरं, पण चेन्नईतल्या कूवम किंवा अड्यार नदीच्या काळ्या, प्राणवायू नसलेल्या चिखलात अलीकडे मेलेल्या म्हशीचा दातही काळाकुट्ट होऊ शकतो. वजन त्याहून बरी खूण: छिद्रांत खनिज भरल्यानं जीवाश्म अंगापेक्षा जड लागतो आणि दुसऱ्या दातावर टिचकी मारली तर दगडासारखा वाजतो. तापवलेल्या सुईचं टोक मुळाला लावल्यावर केस जळल्यासारखा वास आला तर आत अजून सेंद्रिय द्रव्य आहे, म्हणजे दात तुलनेनं ताजा. पण ही परीक्षा दाताला डाग पाडते. प्रयोगशाळेत ज्याचा उपयोग होऊ शकेल अशा नमुन्यावर ती करू नये. आजकाल एनॅमलमधल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून जनावर गवत खात होतं की झाडपाला, आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून ते कसलं पाणी पीत होतं, हे काढतात. एक मिलिग्रॅम भुकटीला मोल आहे.

यातलं काहीही दाताचं वय सांगत नाही. वय थर सांगतो. अत्तिरम्पाक्कमच्या १५ लाख वर्षांचा हिशेब दातांवरून निघालेला नाही. तिथल्या गारगोटीच्या दगडांत, ते उघड्यावर असताना, अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे अ‍ॅल्युमिनियम-२६ आणि बेरिलियम-१० तयार झालं. दगड गाडले गेल्यावर किरणं थांबली आणि दोन्ही आपापल्या वेगानं घटू लागली. त्यांचं उरलेलं प्रमाण मोजून गाडले जाण्याचा काळ काढला गेला. थरांच्या गाळात गोठलेली पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा पाहून तो पडताळला, आणि किमान १० लाख ७० हजार वर्षं ही खालची मर्यादा ठरली. ते तीन दात त्या थरांच्या संगतीत मिळाले, म्हणून त्यांना अर्थ आहे. तेच तीन दात कुणी उचलून घरच्या फडताळात ठेवले असते तर ते म्हैस, घोडा आणि नीलगाय एवढेच उरले असते. कुठल्या काळची म्हैस, कुणाच्या सोबतीची, हे कायमचं गेलं असतं.

म्हणून नदीकाठी दात काठाच्या भिंतीत रुतलेला दिसला तर तो उपटू नये. शेजारी नाणं किंवा पेन ठेवून फोटो घ्यावा, जवळून एक आणि पूर्ण काठ दिसेल असा लांबून एक. मोबाइलवरून ठिकाणाची नोंद करावी. वर किती हात माती, ती काळी की पिवळी, खाली वाळू की गोटे, हे लिहावं. दात वाळूत सुटा पडला असेल तर तो वरून वाहत आला आहे. उचलला तरी हरकत नाही, पण चिठ्ठी लिहून त्याच पाकिटात घालावी. फूट यांनी आपला संग्रह १९०४ साली मद्रासच्या सरकारी संग्रहालयाला विकला, त्याची सूची त्यांच्या मृत्यूनंतर १९१४ मध्ये निघाली. एग्मोरच्या या संग्रहालयात त्यांचा संग्रह आजही अभ्यासता येतो, तो केवळ त्यांनी प्रत्येक वस्तूचं गाव लिहून ठेवलं म्हणून.

ओळखायला शिकायचं तर मात्र समोर खरे दात हवेत. डेक्कन कॉलेजात आजच्या जनावरांच्या सांगाड्यांचा तुलनेसाठी केलेला संग्रह आहे आणि तिथे विद्यार्थी हाताळून शिकतात. नदीकाठच्या माणसाला पुण्याला जाणं जमत नाही. पूंडीला तमिळनाडू पुरातत्त्व खात्याचं प्रागैतिहासिक संग्रहालय १९८५ पासून आहे, अत्तिरम्पाक्कमच्या वाटेवरच. तिथे गाय, म्हैस, शेळी, डुक्कर, घोडा आणि कुत्रा यांच्या एकेक वरच्या-खालच्या दाढेची पेटी, हाताळायला उघडी, ठेवता येईल. तशीच लातूरला ठेवता येईल, पैठणला ठेवता येईल, गोकाकला ठेवता येईल. खर्च जवळजवळ नाही. साहित्य गावोगावच्या खाटकांकडे आणि गोठ्यांत आहे. साहुकारपेठेतल्या काकांनी मला त्या दिवशीच सांगितलं, “आमच्या गावच्या शाळंत ठिवायची आसंल तर सांगा. खिलारीचा आख्खा जबडा मी आणून देतो.” मी त्यांचा नंबर घेऊन ठेवला आहे.